‘ही सेड मी’ की ‘ही टोल्ड मी’? : से, टेल, स्पीक आणि टॉक कधी, कसं वापरायचं

मी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. वर्गात दुकानदार असतात, नर्स असतात, परदेशी मुलाकडे निघालेल्या आज्या असतात, कारखान्यात नुकतीच सुपरवायझर झालेली मुलं असतात. धडा कुठलाही चालू असो, पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतंच, “मॅडम, ‘ही सेड मी’ की ‘ही टोल्ड मी’?” ते निस्तरतंय तोवर मागच्या बाकावरून आवाज येतो, “आणि स्पीक आणि टॉक एकच ना?”

ही चार क्रियापदं दिवसातून शंभर वेळा लागतात. म्हणून त्यांतली चूकही शंभर वेळा होते आणि समोरच्याच्या कानाला दर वेळी खटकते. वर्गात मला नेहमी ऐकू येणारी ही चार वाक्यं पाहा. चारही चुकीची आहेत.

- ही सेड मी दॅट टुडे इज हॉलिडे.
- शी टोल्ड दॅट शी इज नॉट वेल.
- टेल टू हिम.
- आय स्पोक हिम ऑन फोन.

चारही वाक्यांतून मराठी डोकावते. आपल्याकडे माणसाला ‘ला’ लावला की भागतं. मला म्हणाला, मला सांगितलं, मला बोलला; तिन्ही ठिकाणी तोच ‘मला’. इंग्रजीत प्रत्येक क्रियापदाची माणसाशी वागण्याची तऱ्हा वेगळी आहे.

आपल्या आजोबांची पिढी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून इंग्रजी शिकली. मराठी वाक्य समोर ठेवायचं आणि त्याचं इंग्रजी करायचं. २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं, पण मनातल्या मनात भाषांतर करायची सवय काही गेली नाही. ती मोडा, असं मी सांगणार नाही. भाषांतर खुशाल करा. फक्त कुठल्या मराठी क्रियापदाचं करताय तेवढं पाहा, कारण अर्धं काम मराठीनं आधीच करून ठेवलं आहे.

- म्हणणे : से
- सांगणे : टेल
- बोलणे : स्पीक किंवा टॉक

ढोबळमानानं ही वाटणी दहापैकी आठ वेळा बरोबर निघते. उरलेल्या दोन वेळांसाठी हा लेख आहे.

आधी हे पाहा : क्रियापदापुढे शब्द येतात की माणूस?

‘से’च्या पुढे बोललेले शब्द येतात. ‘टेल’च्या पुढे माणूस येतो. एवढी एक खूण पक्की झाली तर निम्म्या चुका आजच्या आज थांबतील.

“ही सेड ही वॉज टायर्ड.” इथे ‘सेड’नंतर लगेच त्याचं म्हणणं आलं. कुणाला म्हणाला, ते वाक्यात नाही आणि त्यावाचून काही अडतही नाही.

“ही टोल्ड मी ही वॉज टायर्ड.” इथे ‘टोल्ड’नंतर लगेच ‘मी’ म्हणजे मला. मध्ये ‘टू’ नाही. माणूस काढून टाकला की वाक्य लंगडं होतं; ‘ही टोल्ड दॅट ही वॉज टायर्ड’ असं इंग्रज माणूस म्हणणार नाही.

‘से’बरोबर माणूस आणायचाच असेल तर ‘टू’ घ्या : “व्हॉट डिड ही से टू यू?” प्रश्नात हे अगदी सहज बसतं. साध्या वाक्यात मात्र माणसाचा उल्लेख करायचा झाला तर ‘टोल्ड’ जास्त नैसर्गिक वाटतं. म्हणजे निर्णय असा करा. माणूस सांगायचा आहे? ‘टोल्ड’. फक्त म्हणणं सांगायचं आहे? ‘सेड’.

‘टेल’ काही ठराविक शब्दांबरोबर माणसाशिवायही चालतं. ही यादी पाठच करावी लागते, दुसरा इलाज नाही.

- टेल द ट्रुथ : खरं सांगणे
- टेल अ लाय : खोटं बोलणे (मराठीत खोटं ‘बोलतात’, इंग्रजीत ‘टेल’ करतात; ‘स्पीक अ लाय’ म्हणू नका)
- टेल अ स्टोरी, टेल अ जोक : गोष्ट, विनोद सांगणे
- टेल द टाइम : घड्याळ बघता येणे
- टेल द डिफरन्स : फरक ओळखता येणे

शेवटच्या दोन्हींत सांगण्यापेक्षा ओळखण्याचा अर्थ अधिक आहे. “आय कान्ट टेल” म्हणजे ‘मला ओळखता येत नाही’ किंवा आपलं ‘काही सांगता येत नाही’. इथे दोन्ही भाषा कशा एकाच वळणावर आल्या आहेत, ते मला फार आवडतं.

जाता जाता एक गमतीची गोष्ट. ‘टेल’चा एक जुना अर्थ मोजणे असा होता. बँकेत रोकड मोजून देणाऱ्याला इंग्रजीत टेलर म्हणतात ते त्यावरूनच. कपडे शिवणाऱ्या टेलरशी त्याचा संबंध नाही, दोन्हींचं स्पेलिंगही वेगळं आहे. एटीएममधला ‘टी’ म्हणजे हाच मोजणारा टेलर. जपमाळेचे मणी ओढण्याला ‘टेलिंग बीड्स’ म्हणतात. आणि ‘अनटोल्ड वेल्थ’ म्हणजे न सांगितलेली संपत्ती नव्हे, अगणित संपत्ती.

‘सांगणे’ दोन कामं करतं, ‘टोल्ड’ वापरताना जपा

मराठीत आपण साहेबांनाही सांगतो आणि शिपायालाही सांगतो. ‘साहेबांना सांगितलं, उद्या सुट्टी द्या’ या वाक्यात उद्धटपणा नाही. आवाज आणि ‘द्या’ मधला आदर बाकीचं सांभाळून घेतात.

याचं सरळ इंग्रजी केलं तर होतं, “आय टोल्ड माय बॉस टू गिव्ह मी लीव्ह.” इंग्रजीत ‘टेल’ नंतर माणूस आणि त्यानंतर ‘टू’ आलं की तो हुकूम होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा साहेबांना आज्ञा देतो की काय! मुलाखतीत असं वाक्य तोंडून गेलं तर समोरचे चुकीचं मत करून घेतात आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून आधी ठरवा, तुम्ही केलं काय होतं.

- नुसती माहिती दिली होती : “आय टोल्ड माय बॉस आय वॉज इल.”
- विनंती केली होती : “आय आस्क्ड माय बॉस फॉर लीव्ह.”
- हाताखालच्याला काम सांगितलं होतं : “आय टोल्ड हिम टू लॉक द गेट.”
- काय ठरतं ते नंतर कळवणार होतात : “आय सेड आय वुड लेट हिम नो.”

‘सांगतो तुम्हाला’ असं आपण जे उत्तर देतो, त्याला ‘आय विल टेल यू’पेक्षा “आय विल लेट यू नो” बरं. पहिल्यात ‘थांब, आता ऐकवतो’ असा सूर लागू शकतो.

दवाखान्यात हा फरक आणखी मोलाचा. ‘डॉक्टरांनी गोळी बंद करायला सांगितली’ आणि ‘डॉक्टर म्हणाले, हवी तर बंद करा’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्याचं “द डॉक्टर टोल्ड मी टू स्टॉप द टॅब्लेट”. दुसऱ्याचं “द डॉक्टर सेड आय कुड स्टॉप द टॅब्लेट”. पुढचा डॉक्टर तुमच्या या एका वाक्यावर विसंबून औषध ठरवणार असेल, तर हुकूम होता की मुभा होती, हे त्याला कळायलाच हवं.

सगळ्यात महागात पडणारी चूक : ‘मी’ कोण?

‘टेल टू हिम’ म्हटल्यानं फार तर ऐकणारा मनात हसेल. इथली चूक मात्र अर्थच फिरवते, म्हणून या भागावर जरा थांबा.

माझ्या वर्गातला एक मुलगा मालवाहतुकीच्या धंद्यात हिशेबाचं काम पाहायचा. एका ग्राहकाचे पैसे थकले होते. यानं फोन केला. ग्राहक म्हणाला, “मी शुक्रवारपर्यंत भरतो.” यानं लगेच बंगलोरच्या वरिष्ठांना मेल टाकला : “द कस्टमर सेड दॅट आय विल पे बाय फ्रायडे.” वरिष्ठांचं उत्तर आलं : “तुम्ही का भरणार? आणि कुणाच्या परवानगीनं?” तो मेल मोबाइलवर दाखवत वर्गात आला तेव्हा रडवेला झाला होता. “मॅडम, मी बरोबर तेच लिहिलं होतं जे तो म्हणाला.”

तेच लिहिलं होतं, यात शंका नाही. मराठीत ‘तो म्हणाला की मी शुक्रवारपर्यंत भरतो’ हे निर्दोष वाक्य आहे. आपण ‘की’ लावतो आणि पुढे समोरच्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. ‘मी’ म्हणजे तो, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. इंग्रजीत ‘सेड दॅट’नंतर ‘आय’ आला की तो लिहिणाराच असतो.

दुसऱ्याचं म्हणणं इंग्रजीत पोचवताना या क्रमानं जा.

1. शब्द कुणाचे आहेत ते मनात पक्कं करा.
2. त्याच्या तोंडच्या ‘मी’चा ‘ही’ किंवा ‘शी’ करा. ‘तुम्ही’ म्हणजे तुम्ही स्वतः असाल तर त्याचा ‘आय’ किंवा इंग्रजी ‘मी’ करा.
3. काळ एक पायरी मागे न्या : ‘विल’चं ‘वुड’, ‘इज’चं ‘वॉज’. गोष्ट अजून व्हायची असेल आणि तुम्ही आजचं आजच कळवत असाल, तर ‘सेझ ही विल पे’ असं लिहिलंत तरी चालतं.
4. ‘उद्या’, ‘परवा’, ‘इथे’ हे शब्द सोडून तारीख आणि जागा लिहा. तुमचा ‘टुमॉरो’ मेल वाचणाऱ्याचा ‘टुडे’ झालेला असतो.

मग वाक्य होतं, “द कस्टमर सेड ही वुड पे बाय फ्रायडे.” आणि वरिष्ठांना पाठवायचं तर वाराबरोबर तारीखही घाला.

हे सगळं घाईत जमत नसेल तर सरळ अवतरणचिन्हं वापरा. द कस्टमर सेड, मग स्वल्पविराम, मग अवतरणात “आय विल पे बाय फ्रायडे”. हे बिनचूक इंग्रजी आहे आणि चिन्हांमुळे ‘आय’ कोण ते स्पष्ट होतं. फोनवर किंवा समोरासमोर बोलताना मात्र ही चिन्हं ऐकू येत नाहीत. तिथे ‘ही’ म्हणायची सवय लावावीच लागेल.

बोलणे : स्पीक केव्हा, टॉक केव्हा?

बऱ्याचदा दोन्ही चालतात, त्यामुळे फार घाबरू नका. कल एवढाच की ‘स्पीक’ जरा औपचारिक आणि एकतर्फी, ‘टॉक’ घरगुती आणि दोन्ही बाजूंनी. सभेत अध्यक्ष स्पीक करतात. ओट्यावर बसलेल्या दोन शेजारणी टॉक करतात. माणूस आला की दोन्हींना ‘टू’ लागतं : स्पीक टू हिम, टॉक टू हर. मघाच्या यादीतलं चौथं वाक्य म्हणून चुकलं.

जिथे निवड करावीच लागते त्या जागा या.

भाषा. भाषा नेहमी ‘स्पीक’. “डू यू स्पीक मराठी?” ‘टॉक मराठी’ नाही. ‘शी स्पीक्स इंग्लिश’ म्हणजे तिला इंग्रजी येतं. ‘शी स्पोक इन इंग्लिश’ म्हणजे त्या वेळी ती इंग्रजीत बोलली. ‘कॅन यू स्पीक इंग्लिश?’ चुकीचं नाही, पण त्यात परीक्षा घेतल्याचा वास येतो. ‘डू यू’ विचारा.

फोन. ‘मी अमुक बोलतोय’ याचं ‘आय ॲम स्पीकिंग अमुक’ होत नाही. “धिस इज अमुक” किंवा “अमुक स्पीकिंग” म्हणा. ‘कोण बोलतंय?’ यासाठी ‘हू आर यू?’ अजिबात नको, ते अंगावर आल्यासारखं वाटतं. “मे आय नो हूज कॉलिंग?” हे सौम्य आहे. ‘जरा साहेबांना द्या’ याला “कुड आय स्पीक टू” आणि पुढे साहेबांचं नाव.

बोलणी. लग्नाची बोलणी, पगारवाढीची बोलणी, दोन देशांमधली बोलणी, हे सगळं अनेकवचनी ‘टॉक्स’. एकवचनी ‘अ टॉक’ म्हणजे छोटं व्याख्यान किंवा दोघांतलं बोलणं. “वी नीड टू टॉक” या साध्या दिसणाऱ्या वाक्यात गंभीर काहीतरी निघणार असल्याची चाहूल असते. चहाला बोलावण्यासाठी ते वापरू नका; समोरच्याच्या पोटात गोळा येईल.

मराठी क्रियापदाचे चकवे

मराठीत ‘म्हणणे’ आणि ‘बोलणे’ ही क्रियापदं इतकी कामं करतात की शब्दाला शब्द ठेवला तर फसायला होतं.

*म्हटलं.* ‘म्हटलं, जाता जाता डोकावून जावं’ असं म्हणत पाहुणा दारात उभा राहतो. तो कुणालाही काही म्हणालेला नसतो. हे मनातलं म्हणणं आहे, म्हणून इंग्रजीत “आय थॉट आय वुड ड्रॉप इन”. ‘आय सेड’ लिहिलंत तर ऐकणारा विचारेल, कुणाला?

*म्हणे.* ‘त्यांनी म्हणे घर विकलं.’ ऐकीव बातमी, आपली जबाबदारी नाही. त्यासाठी “आय हिअर दे हॅव सोल्ड द हाऊस” किंवा “ॲपरंटली”. सगळेच तसं म्हणत असतील तर “पीपल से”. ‘असं म्हणतात की’ याला “इट इज सेड दॅट” आहेच, पण ते लेखी, पुस्तकी वळणाचं.

*बोलला.* मुंबईकडे ‘मी त्याला बोललो’ म्हणजे नुसतं ‘मी त्याला सांगितलं’. तिथे “आय टोल्ड हिम” हेच बरोबर. घराघरांत मात्र ‘आई मला बोलली’ म्हणजे आई रागावली. त्याला “माय मदर टोल्ड मी ऑफ”. या ‘ऑफ’वर सगळी मदार आहे, तो गळला तर आईनं नुसतं काहीतरी सांगितलं एवढंच उरतं आणि तेही अर्धवट. बोलणी खावी लागली तर “आय गॉट टोल्ड ऑफ”.

*उलट बोलणे* म्हणजे “टॉक बॅक”, *चहाडी करणे* म्हणजे “टेल ऑन समवन”. शाळेतल्या मुलांच्या इंग्रजी गोष्टींत ही दोन्ही हमखास भेटतात.

*काय सांगता!* आपण ‘सांगता’ म्हणतो, इंग्रजी माणूस “यू डोन्ट से!” म्हणतो. रोजच्या बोलण्यात नुसतं “रिअली?” पुरतं.

*मला विचारा!* एखाद्या त्रासाबद्दल कुणी बोलू लागलं की आपण म्हणतो, ‘अहो, मला विचारा!’ इंग्रजीत हेच “टेल मी अबाउट इट”. म्हणून आपण तक्रार करत असताना समोरचा असं म्हणाला, तर तो तपशील मागतोय असं समजून गाडी पुढे दामटू नका. त्यालाही तोच ताप आहे.

*लिहिलंय.* पाटीवर, पत्रात, अहवालात काही ‘लिहिलेलं’ असतं. इंग्रजीत निर्जीव वस्तूही ‘से’ करतात : “द नोटिस सेझ”, “द लेटर सेझ”. ‘इट इज रिटन इन द लेटर दॅट’ ही लांबड लावायची गरज नाही.

‘सांगून आलेलं स्थळ’ याच्या मात्र नादी लागू नका. “अ मॅरेज प्रपोजल” म्हणा आणि सुटा.

शेजारची क्रियापदं : ‘टू’ कुणाला लागतं, कुणाला नाही?

‘एक्स्प्लेन मी’ आणि ‘सजेस्ट मी’ ही आपल्याकडची अगदी रुळलेली चूक. याद्या दोनच आहेत.

- ‘टेल’च्या गोतातली, म्हणजे लगेच माणूस घेणारी : आस्क, इन्फॉर्म, आन्सर, ॲडव्हाइज, वॉर्न, रिमाइंड. “प्लीज इन्फॉर्म मी.” “रिमाइंड हर.”
- ‘से’च्या गोतातली, माणसाआधी ‘टू’ घेणारी : एक्स्प्लेन, सजेस्ट, मेन्शन, रिप्लाय, कम्प्लेन. “प्लीज एक्स्प्लेन इट टू मी.” “आय रिप्लाइड टू हिम.”

‘डिस्कस’ला ‘अबाउट’ नको. “वी डिस्कस्ड द प्राइस.” ‘टॉक’ला मात्र हवंच : “वी टॉक्ड अबाउट द प्राइस.” ‘मेन्शन’लाही ‘अबाउट’ लागत नाही.

कार्यालयांत ‘प्लीज इंटिमेट मी’ आणि ‘रिव्हर्ट बॅक’ सर्रास चालतं. आपल्या देशात सगळ्यांना कळतं, त्यामुळे मी त्याला चूक म्हणून लाल रेघ मारत नाही. पण पत्र परदेशी जाणार असेल तर “प्लीज लेट मी नो” आणि “प्लीज रिप्लाय” लिहा. तिकडे ‘इंटिमेट’ क्रियापदाचा अर्थ आडून सुचवणे असा घेतात, आणि ‘रिव्हर्ट’चा पूर्वस्थितीला जाणे असा.

‘क्लेम’ला विशेष जपा. “ही क्लेम्ड ही वॉज इल” म्हणजे आजारी असल्याचं त्याचं म्हणणं होतं, आम्हाला काही खात्री नाही. सहकाऱ्याच्या रजेबद्दल लिहिताना हे क्रियापद वापरलंत तर तुम्ही त्याच्यावर संशय घेतल्यासारखं होतं. ‘ॲडमिट’ म्हणजे कबूल करणे, त्यात काहीतरी दोष गृहीत असतो. ‘स्टेट’ फक्त कागदोपत्री शोभतं. कुठलं वापरावं असा प्रश्न पडला तर साधं ‘सेड’ ठेवा. शाळेत ‘सेड’ पुन्हापुन्हा वापरू नये असं शिकवतात. निबंधासाठी ते असेल ठीक, कामाच्या पत्रात ‘सेड’नं कुणाचं नुकसान होत नाही.

उच्चार

‘से’वरून ‘सेज्’ किंवा ‘सेड’मधला ‘से’ लांबवून म्हणू नका. ‘सेझ’ आणि ‘सेड’ दोन्ही तोकडे. ‘टॉक’मध्ये ‘ल’ लिहितात पण म्हणत नाहीत. ‘टोल्ड’मध्ये लिहितात आणि म्हणतातही. ‘टॉक्ड’ ऐकताना ‘टॉक्ट’ असं येतं.

इंग्रजी अडलं तर तुमचे हक्क

माझ्या वर्गात येणाऱ्या कित्येकांना वाटतं, इंग्रजी नाही म्हणजे आपलं म्हणणं मांडायची सोयच नाही. हा समज मला मनापासून खोडून काढायचा आहे. इंग्रजी जरूर शिका, पण तोवर गप्प बसू नका.

राज्यघटनेच्या ३५०व्या कलमानुसार, तक्रारीच्या निवारणासाठी कोणत्याही सरकारी अधिकाऱ्याकडे द्यायचं निवेदन तुम्ही केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या भाषेत देऊ शकता. महाराष्ट्रात म्हणजे मराठीत. माहिती अधिकार कायदा, २००५ यानुसार अर्जही इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. ‘इंग्रजीत लिहून आणा’ असं कुणी म्हणालं तर अडून बसा.

पोलीस ठाण्यात तोंडी फिर्याद दिलीत तर ती लिहून घेऊन तुम्हाला वाचून दाखवणं बंधनकारक आहे आणि तिची प्रत तुम्हाला मोफत मिळते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्ये हे आहे, आधीच्या कायद्यातही होतंच. वाचून दाखवताना कान देऊन ऐका. तुम्ही ‘तो मला म्हणाला’ असं सांगितलं आणि कागदावर ‘त्याने मला धमकावलं’ असं आलं, किंवा उलट झालं, तर सहीपूर्वी दुरुस्ती करून घ्या. प्रत्येक ‘मी’ कोण आहे तेही पाहा.

आपल्याकडच्या कोर्टात ‘से’ हा शब्द नाम म्हणून चालतो, हे तुम्ही वकिलांकडून ऐकलं असेल. अर्जावर दुसऱ्या बाजूचा ‘से’ मागवतात, वकील ‘से’ दाखल करतात. मराठीत त्यालाच ‘म्हणणे दाखल करणे’ म्हणतात. तुम्हाला प्रतिवादी म्हणून असा कागद आला तर त्यावरची तारीख आधी पाहा आणि त्या तारखेच्या आत वकिलांना गाठा. इंग्रजीत “हॅव अ से” म्हणजे निर्णयात आपलं मत मांडायला वाव असणं.

परदेशी निघालेल्या आई-वडिलांसाठी एक गोष्ट. अमेरिकेत केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांना इंग्रजी न येणाऱ्या रुग्णासाठी दुभाष्याची सोय विनामूल्य करावी लागते. १९६४च्या नागरी हक्क कायद्याचा त्याला आधार आहे. मुलाला प्रत्येक वेळी रजा टाकायला लावू नका. “आय स्पीक मराठी. आय नीड ॲन इंटरप्रिटर, प्लीज.” एवढी दोन वाक्यं पाठ करून जा. माझ्या वर्गातल्या एका आजींनी ती चिठ्ठीवर देवनागरीत लिहून पर्समध्ये, चष्म्याच्या घरात ठेवली आहेत.

आणि समोरचा भरभर बोलत असेल, मग ती मुलाखत असो की विमानतळावरची खिडकी, त्याला थांबवायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. ‘व्हॉट?’ म्हणू नका. “सॉरी, कुड यू से दॅट अगेन?” किंवा “कुड यू स्पीक अ लिटल मोअर स्लोली?” असं विचारा. या दोन वाक्यांत ‘से’ आणि ‘स्पीक’ का आले, ते आता तुम्हाला सांगता येईल.

वहीत करून पाहा

उत्तर वाचण्याआधी स्वतः लिहा.

1. डॉक्टर मला म्हणाले, काळजी करू नका.
2. तिनं मला न सांगता राजीनामा दिला.
3. म्हटलं, तुम्ही झोपला असाल.
4. पाटीवर लिहिलंय, आज दुकान बंद.
5. भाऊ म्हणाला, मी तुला सोमवारी फोन करतो.

उत्तरं अशी. पहिलं, “द डॉक्टर टोल्ड मी नॉट टू वरी.” मराठीत ‘म्हणाले’ असूनही इंग्रजीत ‘टोल्ड’ आलं, कारण ‘मला’ आहे. दुसरं, “शी रिझाइन्ड विदाउट टेलिंग मी.” तिसरं, “आय थॉट यू वुड बी अस्लीप.” चौथं, “द नोटिस सेझ द शॉप इज क्लोज्ड टुडे.” पाचवं, “माय ब्रदर सेड ही वुड कॉल मी ऑन मंडे.” पाचव्यात भावाचा ‘मी’ ‘ही’ झाला आणि त्याच्या तोंडचा ‘तुला’ म्हणजे ‘मला’ झाला. दोन्ही बदल पहिल्याच झटक्यात केले असतील, तर त्या मुलासारखा मेल तुमच्या हातून कधी जाणार नाही. एक राहिला असेल तर ‘मी कोण’ हा भाग पुन्हा वाचा आणि आज घरातल्या कुणीही म्हटलेली तीन वाक्यं झोपण्यापूर्वी याच रीतीनं लिहून काढा.